एका गावातली चाळीस माणसं म्हणजे किती माणसं?

माझा हुद्दा होता संख्याशास्त्रज्ञ. परभणीत हे सांगितलं की समोरचा माणूस आधी जरा सावरून बसतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे आकड्यावरून भविष्य सांगता का?" आमच्या गल्लीतल्या एक बाई तर मुलीच्या लग्नासाठी तीन स्थळांच्या जन्मतारखा चिठ्ठीवर लिहून घेऊन आल्या होत्या. मी तडकलो, त्या बिचाऱ्या चहा न घेता गेल्या. बायको म्हणाली, "अहो, सांगून टाकायचं काहीतरी. बरं वाटलं असतं त्यांना."

सांगून टाका काहीतरी! हेच वाक्य मी नोकरीभर ऐकलं, आणि तेही शिकल्यासवरल्या डॉक्टरांच्या तोंडून. एकदा एका डॉक्टरसाहेबांनी गंगाखेडच्या बसस्टँडवरून फोन केला. मागे कंडक्टर ओरडतोय, आणि हे म्हणतात, "सर, संशोधनाचा फॉर्म भरायलोय. किती पेशंट घेऊ तेवढा आकडा सांगा." मी विचारलं, संशोधन कशावर आहे? "ते निवांत सांगतो, आधी आकडा द्या, बस सुटायलीय." जसं काही माझ्याकडे आकड्यांच्या पुड्या बांधून ठेवलेल्या असतात. मी म्हणालो, बस सुटू द्या, संशोधनही सुटू द्या. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

निवृत्तीनंतरही लोक कामं आणत राहिले. काम काय, ते एकदा साध्या भाषेत सांगतो. भात शिजला का हे बघायला आपण एक शीत दाबतो. शितावरून भाताची परीक्षा. एकाच भांड्यातली चाळीस शितं दाबणाऱ्या बाईला सासू काय म्हणेल? कारण पहिलं शीत कच्चं तर बहुतेक सगळीच कच्ची. पण गल्लीतल्या दहा घरांचा भात कसा झालाय हे कळायला हवं असेल तर दहा घरी जावं लागतं, एका घरात चाळीस शितं दाबून भागत नाही.

माणसांचंही थोडंफार तसंच असतं. एका गावची माणसं एकच पाणी पितात, एकाच बाजारातून तेल आणतात, एकाच डॉक्टरकडे जातात. त्यामुळे ती जराजरा एकमेकांसारखी असतात. भाताच्या शितांइतकी नाही, पण असतात. किती सारखी, हे मोजायचा एक आकडा आहे. पुस्तकी नाव गटांतर्गत सहसंबंध. मी त्याला सारखेपणाचा आकडा म्हणायचो. तो शून्य असेल तर गावातली चाळीस माणसं म्हणजे खरोखर चाळीस माणसं. तो एक असेल तर चाळीस माणसं म्हणजे एकच माणूस, चाळीस वेळा मोजलेला. खरं उत्तर मधे कुठेतरी असतं, आणि ते आधी कळल्याशिवाय अभ्यासाला किती गावं घ्यायची हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

मी हे शहाणपण जन्मतः घेऊन आलो नव्हतो. नोकरीच्या सुरुवातीला एका डॉक्टरांना मी हा आकडा न बघताच हिशेब करून दिला होता. त्यांनी चार मोठी गावं घेतली, दोन वर्षं उन्हातान्हात फिरले, हजारभर माणसं तपासली, आणि शेवटी उपायाचा फायदा झाला की नाही हेच ठरेना. त्यांना वाटलं त्यांचंच काहीतरी चुकलं. चूक माझी होती, आणि मी त्यांना ती सांगितली नाही. ते आता या जगात नाहीत. ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून डॉक्टर वैशाली आल्या तेव्हा मी आधीच फणा काढून बसलो होतो. बाई हुशार, कामाच्या. त्यांची कल्पना अशी की गावातल्या आशाताईंनी बायकापुरुषांचे गट करून त्यांना रोज चालायला लावायचं, खाण्यापिण्याचं शिकवायचं, आणि वर्षानं बघायचं रक्तातली साखर उतरते का. अर्ध्या गावांत हे करायचं, अर्ध्यांत नाही, चिठ्ठ्या टाकून. माणसांच्या चिठ्ठ्या टाकून चालत नाही, कारण एका गल्लीतली निम्मी माणसं चालायला निघाली की उरलेली काय बघत बसणार आहेत?

दुसऱ्या प्रांतातल्या अभ्यासातून उचललेला सारखेपणाचा आकडा त्यांनी आणला होता. त्यावरून वीस गावं पुरत होती. मी म्हणालो, "मॅडम, तिकडची माणसं तिकडची. आपली आपण मोजू." त्यांनी कपाळाला हात लावला, पण ऐकलं.

सहा गावं ठरवली. दोन येलदरीकडची, दोन गंगाखेडच्या उसाच्या पट्ट्यातली, दोन चारठाण्याच्या बाजूची. प्रत्येक गावात चाळीस माणसं, सकाळी उपाशीपोटी बोट टोचून साखर बघायची. विचारायचे प्रश्न मी स्वतः लिहिले, निवृत्तीनंतर घरातच थाटलेल्या ऑफिसात पंख्याखाली बसून. मोजायला तिघीजणी, प्रत्येकीला दोन गावं. त्यांतली सुरेखा सगळ्यात चटपटीत. येलदरीकडच्या एका बौद्ध कुटुंबातली, वडील शाळामास्तर, स्वतः एम. ए. झालेली, घरात तिच्याच पगाराचा आधार. चारठाण्याकडचं एक गाव तिनं श्रावणातल्या सोमवारी घेतलं. म्हणाली, "सर, तिथं सोमवारी बैल जुंपत न्हाईत. माणसं घरी सापडत्यात." मी तिची पाठ थोपटली. फोनवरून थोपटतात तशी.

आकडे आले, मी गणित मांडलं आणि माझे डोळे कपाळात गेले. सारखेपणाचा आकडा इतका मोठा की वीसच्या जागी दोनशेच्या वर गावं लागणार! पुन्हा मांडलं. तेच. मग एकेक गाव उघडून पाहिलं. पाच गावं जशी असावीत तशी, कुणाची साखर कमी, कुणाची जास्त, बहुतेकांची बरी. आणि सुरेखाचं सोमवारचं गाव? म्हातारे, तरणे, बायका, पुरुष, सगळ्यांची साखर चढलेली, शंभरच्या आत हवी तिथे दीडशेच्या आसपास. उपाशीपोटी! अख्खं गाव एका रात्रीत मधुमेही झालं होतं.

वैशालीबाईंना फोन केला. त्यांनी सगळे आकडे पुन्हा वाचून घेतले. मग म्हणाल्या, "सर, दोनशे गावं म्हणजे अभ्यास बंद. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी समितीला आकडा द्यायचाय. हे एक गाव काढलं तर?"

काढलं तर सगळं गोड होत होतं. मी तेही करून पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू. पण नको असलेलं गाव असं उचलून फेकता येत नाही, कारण लिहावं लागतं. आणि कारण एकच दिसत होतं. पोरगी गावात गेलीच नाही, झाडाखाली बसून आकडे भरले. असे कागद मी जन्मभर पकडलेत, आणि पकडल्याचा मला फार अभिमान. नाकावर माशी बसू न देणारा माणूस मी.

वैशालीबाई म्हणाल्या, "तुमची खात्री असेल तर तसं एक पत्र लिहून द्या. तिला कमी करावं लागेल." मी त्याच दुपारी पत्र टाइप केलं. 'सदर नोंदी प्रत्यक्ष मोजणीशिवाय भरल्या असल्याचे माझे ठाम मत आहे.' ठाम! सही तेवढी बाकी ठेवली, आणि सुरेखाला बोलावलं.

ती आली, कागद पाहिला. मी विचारलं, "हे काय आहे?"

"साखर हाय सर. वाढलेली."

"चाळीसच्या चाळीस जणांची?"

आता तिच्या लक्षात आलं मी काय म्हणतोय ते. चेहरा उतरला, पण आवाज नाही. "सर, म्या चाळीस बोटं टोचलीत. एका आजीनं तर मला शिव्या घातल्या. घरी बसून लिवायचं असतं तर मी सगळ्यांची साखर वाढवून कामून लिवली असती? चांगली लिवली असती न, कुनाला संशय आला नसता."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. खोटे आकडे लिहिणारा माणूस कधी नजरेत भरेल असं लिहीत नाही, हे मीच वर्गात शिकवत आलो होतो. पण सुंभ जळाला तरी पीळ जातो का? मी म्हणालो, "मग अख्खं गाव आजारी आहे म्हणायचं का?"

"मला न्हाई म्हाईत सर. तुमी या न सोता. पुढच्या सोमवारी. माझ्यासमोर टोचा."

ती गेल्यावर मी हिशेब केला. ती खरं बोलत असेल तर अभ्यास गेला. खोटं बोलत असेल तर ती गेली. मला तिसरं काही दिसत नव्हतं आणि झोपही येईना.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं जिंतूर, तिथून पुढे जीप. मी मुद्दाम चहा घेतला नाही. म्हटलं, आपलीही साखर बघू, मशीन तरी तपासलं जाईल. आठच दिवसांपूर्वी लॅबमध्ये तपासली होती, एकदम निर्मळ. गावात उतरलो तर शाळेच्या वाटेवरच महादेवाचं जुनं दगडी देऊळ. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या महादेवाचं. श्रावणातला सोमवार आणि पाय वळणार नाहीत असं होतं का? घंटा वाजवली, डोकं टेकलं. गुरवानं पळीनं ओंजळीत पंचामृत घातलं, वर साखरेत कालवलेल्या केळ्याच्या फोडी. पाहुणा म्हणून दुसऱ्यांदा घातलं. मी ते घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि शाळेकडे चालू लागलो.

व्हरांड्यात सुरेखा आणि तिथल्या आशाताई टेबल मांडून बसल्या होत्या. मी यादीतून निवडलेली दहाबारा माणसं अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून रांगेत हजर. मी खुर्ची ओढून त्यांच्यात बसलो, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, अर्धा तास गेला. मग म्हणालो, "आधी माझी घे."

सुरेखानं मी लिहिलेला प्रश्न कागदावरून, अक्षर न बदलता वाचला. "सकाळपासून काही खाल्लं-प्यालं का?"

"काही नाही. चहासुद्धा नाही."

स्पिरिट लावलं, बोट टोचलं. मशीनवर आकडा आला एकशे अठ्ठावन्न.

"मशीन बिघडलंय!" मी ओरडलो. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. सुरेखानं नवी पट्टी घातली, स्वतःचं बोट टोचलं. ब्याण्णव. तीही सकाळपासून उपाशीच होती. मशीन ठणठणीत होतं.

मी घाबरलो. आठ दिवसांत मला मधुमेह? एवढ्यात आशाताई पदराआड हसत म्हणाल्या, "सर, तुमच्या मिशीला दही लागलंय."

मी मिशीला हात लावला. "हे होय, हे पंचामृत आहे. देवळातलं."

"मंग ते खाल्लंच की सर," सुरेखा म्हणाली.

"अगं, प्रसाद म्हणजे काय खाणं आहे का?"

हे मी बोललो आणि जागच्या जागी थिजलो. माझंच वाक्य माझ्याच कानावर आलं. मी रांगेकडे वळलो. "तुम्ही सगळ्यांनी प्रसाद घेतला?"

एक म्हातारेबुवा चिडलेच. "घेतलाच की! सोमवारचं महादेवाला सोडून आदुगर सुईला कोन येतंय?"

"आणि त्या दिवशी?"

"तवाबी. दर सोमवारी. लय लहानपनापासून."

"मग काही खाल्लं नाही म्हणून का सांगितलं?"

म्हातारा माझ्याकडे असा बघायला लागला की हा माणूस खरंच परभणीहून आलाय का. "खाल्लंच न्हाई तर सांगनार काय? उपास हाय आमचा."

कुणीही खोटं बोललं नव्हतं. चाळीस माणसांनी खरं सांगितलं होतं, सुरेखानं खरं लिहिलं होतं. चाळीस ओंजळींत एकाच पातेल्यातलं दूध, मध, साखर, केळं पडलं होतं, आणि शाळेच्या रांगेत बसेपर्यंत ते रक्तात उतरलं होतं. काही साखर बोटांनाच चिकटून राहिली असेल, मशीन तीही मोजतं. मी गावाचा सारखेपणा मोजायला गेलो आणि मोजला महादेवाचा प्रसाद.

सुरेखाला विचारलं, तुझ्या लक्षात कसं आलं नाही? ती सरळ म्हणाली, "आमच्या घरी देवळाचं न्हाई सर. मी तिकडं गेलेच न्हाई. मला वाटलं लोक हात जोडून येत्यात." तिला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. माहीत असायला हवं होतं ते मला. महादेवाच्या घरात वाढलेला मी, प्रश्न लिहिणारा मी, आणि पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकणारा मीच. पाठीवर काही ओझं असेल ते तिथेच, त्या व्हरांड्यात, उतरलं. मी इतक्या जोरात हसलो की म्हातारेबुवा म्हणाले, "साखर चढली का काय सायबाला?"

बुधवारी त्याच चाळीस जणांना पुन्हा तपासलं, देवळाच्या आधी. प्रश्न बदलला. चहा, प्रसाद, तीर्थ, केळं, तंबाखू, एकेकाचं नाव घेऊन विचारायचं, आणि साबणानं हात धुवायला लावायचे. खरोखरचे मधुमेही निघाले मोजके. बाकी गाव इतर गावांसारखं. गुरुवारी गणित मांडलं. सारखेपणाचा आकडा उचलून आणलेल्या आकड्यापेक्षा मोठाच होता, म्हणजे वीस गावांत पुन्हा एक अभ्यास बुडाला असता. पण दोनशेही नकोत. बत्तीस गावं पुरत होती. सहाच गावांवरून काढलेला आकडा स्वतःच डळमळीत असतो, म्हणून मी चार जास्तीची मागायला सांगितली. शुक्रवारी दुपारी वैशालीबाईंचा फोन आला. "सर, छत्तीस मंजूर!" त्या फोनवर रडत होत्या की हसत, मला कळलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

त्याच संध्याकाळी सुरेखा पुढच्या गावांच्या याद्या न्यायला ऑफिसात आली. ते पत्र माझ्या खणात होतं. बिनसहीचं, कुणी न पाहिलेलं. वैशालीबाईंना मी एवढंच कळवलं होतं की गावात प्रसादाची भानगड निघाली. फाडून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. एका डॉक्टरांना मी एकदा असंच काही न सांगता जाऊ दिलं होतं. मी खण उघडला आणि पत्र तिच्या हातात दिलं. वैशालीबाईंशी फोनवर काय बोललो होतो, तेही सांगितलं.

तिनं उभ्याउभ्या वाचलं. दोनदा वाचलं. मग विचारलं, "सर, सोमवारी तुमी देवळात गेला नसता तर?"

"तर माझी साखर बरोबर आली असती," मी म्हणालो. "आणि रांगेतल्या सगळ्यांची चढलेली. मला वाटलं असतं, आपलं खरं करायला तूच त्यांना आधी काहीतरी गोड चारलंस. आणि मी यावर सही केली असती."

ती खुर्चीत बसली. मी म्हणालो, "माफ कर मला. दे, फाडतो."

"फाडू नका," ती म्हणाली. "मॅडमनं माझ्याबद्दल हे आईकलंय. कागद नसला तरी आईकलंय न? मंग तुमीच खाली लिवा काय झालं ते."

मी पेन घेतलं आणि टाइप केलेल्या मजकुराखाली हातानं लिहिलं, 'वरील मत चुकीचे आहे. नोंदी प्रत्यक्ष मोजून घेतलेल्या व खऱ्या आहेत. प्रश्न मी अपुरा लिहिला होता.' आणि जी सही आठ दिवस राहिली होती, ती त्या ओळीखाली केली.

तिनं ते वाचलं, तारीख टाकायला लावली, कागद आपल्या पर्समध्ये ठेवला आणि छत्तीस गावांची यादी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "आता सांगा, सुरुवात कुठून करायची."